मानाच्या फेट्यातल्या दोन नोटा

मित्रांनो, मी एक जुना गुलाबी फेटा आहे. माझी जर काळवंडली आहे आणि मधोमध हळदीचा एक डाग आहे. त्या डागाचा मला जरीपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

मेहकरच्या एका मागावर मी विणला गेलो. तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतासोबत चाले. मला विकत घेतलं उकंडरावाने. हा माणूस पहिलवानांना जत्रोजत्री कुस्त्यांच्या दंगलीत उतरवी आणि त्यांच्या इनामातला मोठा घास स्वतः गिळी. त्याचा डोळा वडनेर भोलजी गावच्या हिंमतवर होता. हिंमत अमरावतीच्या कॉलेजात शिके आणि कॉलेजकडून कुस्ती खेळे. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तिथे मज्जाव होता. 'मी कुणाचा पैसा घेतलेला नाही' असं हिंमतने सही करून लिहून दिलं होतं.

सुट्टीत तो गावी आला, तेव्हा उकंडरावाने भर चावडीवर मला त्याच्या डोक्यावर बांधायला घेतलं. हिंमत मागे सरला.

"अबे, हा तं मान हाये. मानाले काऊन भेतं?" उकंडराव हसला.

मानाचा फेटा नाकारायची आपल्याकडे रीत नाही. माझ्या घडीत काय खुपसलंय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे!

असा फेटा बांधलेला तसाच पाच दिवस देवापुढे ठेवायचा, ही त्या घरची चाल. हिंमतच्या आईने, सुभद्राबाईने, मला हळद वाहिली. पाचव्या दिवशी तिने मला सोडलं आणि दहा-दहाच्या दोन नोटा खाली पडल्या.

"देवच पावला रे बाप्पा!"

"देव नोटा लपवत नाही, माय. हे उकंडरावाचं काम हाये. माही सही खोटी झाली. आता मले काढतीन." हिंमतचा चेहरा पार उतरला होता.

वीस रुपयांत ते घर दोन महिने चाललं असतं. सुभद्राबाई क्षणभर नोटांकडे पाहत राहिली. मग तिने मला नोटांसकट त्याच्या हाती दिलं. "जाय. कोणी इचारायच्या आंधी सांगून दे."

कॉलेजातल्या खेळाच्या मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी ते पैसे मनीऑर्डरने उकंडरावाला परत धाडले. त्याच्या सहीची पोच आली, ती मास्तरांनी माझ्याच घडीत ठेवली.

सामन्याच्या आदल्या दिवशी उकंडराव कॉलेजात मास्तरांच्या दारात हजर! "हिंमतनं माह्याकडून वीस रुपये घेतले. तो माहा पहिलवान हाये." नाव कटलं की पोरगा आपसूक आपल्याकडे येईल, हा त्याचा डाव. मास्तरांनी माझी घडी उलगडली आणि पोच पुढे केली.

"ही सही कोणाची?"

आलेला पैसा सोडेल तो उकंडराव कसला! हावेपायी त्याने सही ठोकली होती. आता तो आल्या पावली परतला. हिंमतचं नाव राहिलं. तो भिंतीला टेकून मटकन खालीच बसला आणि हसू लागला. माझाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी हिंमत कुस्ती हरला. तरी घरी निघताना त्याचं हसू काही मावळलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या हाताने बांधलं.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. आणि कुणी तुमच्या डोक्यावर मान ठेवला, तर हिंमतने त्या दिवशी केलं तेच करा. बांधण्याआधी त्याने मला दोनदा झटकून पाहिलं होतं.