होईल आणि होईल की

जावईबुवा कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचे, पण सासूबाई त्यांच्याशी थेट कधी बोलल्याच नव्हत्या. लग्नाला सहा वर्षं होऊनही, ते समोर बसलेले असताना त्या लेकीलाच म्हणत, "चहा घेणार का, विचार त्यांना."

लोक रोजच्या बोलण्यात 'नाही' कसं म्हणतात, यावर जावयाचं काम चाललं होतं. सासूबाईंचं शिवणाचं दुकान त्यासाठी अगदी योग्य होतं. बायकोने शब्द टाकला, गिऱ्हाइकांनीही हरकत घेतली नाही, आणि पंधरा दिवस रेकॉर्डर कापायच्या टेबलावर राहिला.

मग जावई एकेक वाक्य ऐकून उतरवत बसले. एका बाईने विचारलं होतं, "कोट शनिवारी मिळेल ना?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "होईल." जावयाने पुढे लिहिलं, होकार. असे एकतीस होकार जमले.

रविवारी सासूबाई लेकीच्या घरी आल्या तेव्हा कागद जेवणाच्या टेबलावर पसरले होते. लेक आंघोळीला गेलेली. सासूबाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे होकार कुणी लिहिले?"

"मीच."

"अरे, तुला कान आहेत की नाहीत? नुसतं 'होईल' म्हणजे होणार नाही. 'होईल की' म्हटलं तर होणार. ती बाई कायम घाईत. तोंडावर नाही म्हटलं की रुसते. तिलाही कळतं ते, तुलाच कसं कळत नाही?"

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. "अहो, चुकून अरे-तुरे झालं."

"होऊ दे," जावई खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. "आणि हे 'बघते' म्हणजे काय, आई?"

लेक बाहेर आली तेव्हा दोघं रेकॉर्डरवर वाकून भांडत होती. ती काही बोलणार, तोच आईने हाताने थोपवलं. "काम चाललंय, थांब जरा."

दुपारपर्यंत एकतिसांतले नऊच होकार उरले.

चारचौघांत सासूबाई पुन्हा 'विचार त्यांना'वरच आल्या. पण रविवारी कागद निघाले की अरे-तुरे सुरू व्हायचं, आणि जावई त्याच दिवसाची वाट बघायचे. वर्षभराने लेख छापून आला. सासूबाईंनी तो दुकानात बसून दोन दिवस वाचला.

"सोपं होतं ते अवघड करून लिहिलंयस," त्या म्हणाल्या, "पण चूक कुठे नाही."