दोन ठिपक्यांमधली जागा

मिथुनला संगणकावरचं ते आलेख काढायचं साधन आवडे, ते त्याच्या अबोलपणामुळे. त्यात बटणं नव्हती, रंगीत खिडक्या नव्हत्या. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा, की आकड्यांच्या रुक्ष रांगांतून आलेख उमटे. चुकलं तर कसला गलबला नाही. चुकलेल्या अक्षराखाली फक्त एक इवलासा बाण. माणसांनीही चूक अशीच दाखवावी, असं त्याला वाटे.

ब्रह्मपुरीत वाघांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तो हे काम करी. जंगलातल्या एका वाघिणीच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता. ती कुठे आहे, ते पट्टा अधूनमधून कळवी आणि मिथुन ते आकडे नकाशावर मांडी. एका जागेचा एक ठिपका. त्याची आई कमळा पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि परतली नाही, तोवर ते त्याच्यासाठी नुसते ठिपके होते.

वाघिणीनेच तिला नेलं असं गाव म्हणे, आणि आता गावाला ती वाघीण जेरबंद झालेली हवी होती. तिच्यामागे दुधावरची पिल्लं होती, आणि पिंजऱ्यात गेलेली वाघीण सहसा जंगलात परतत नाही.

“त्या सकाळी वाघीण मोहाखाली होती का, एवढंच वनखात्याच्या समितीने विचारलंय,” संस्थेच्या रंजीता मॅडम म्हणाल्या. “हे चित्र दुसरं कुणीतरी काढेल, मिथुन. तू नको.”

“मीच काढतो, मॅडम,” तो म्हणाला. त्यालाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

आधी त्याने मोहाच्या झाडाची जागा नोंदवली आणि तिथे आईचं नाव लिहिलं. नावाभोवती अवतरणचिन्हं द्यायला तो विसरला. साधनाने नेहमीच्या थंडपणे उत्तर दिलं: हे नाव कुठेही सांगितलेलं नाही. ‘कमळा’च्या पहिल्या अक्षराखाली तो बाण उभा होता. मिथुन कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने चिन्हं दिली आणि आई पडद्यावर आली, एका फुलीएवढी.

शेवटी त्याने लिहिलं: ‘विथ लाइन्स’. ठिपके रेघांनी जोडले गेले. आदल्या संध्याकाळचा ठिपका नाल्याच्या अलीकडे होता, दुसऱ्या दिवशी दुपारचा पहाडीवर. मधले आकडे पट्ट्याने पाठवलेच नव्हते. त्या दोहोंना जोडणारी रेघ थेट आईच्या नावावरून गेली होती. मिथुनला हलकं वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. दुःखाला निदान एक चेहरा मिळाला होता.

दारात चपला वाजल्या. गावाहून बसने आलेले वडील, मुखरू, टॉवेलने मान पुसत उभे होते.

“एवढ्या मोठ्या हापिसात पंखा एकच?” ते म्हणाले. “तुही माय असती तं म्हणली असती, पोरगं भट्टीत बसून राह्यलं.”

मिथुनने त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“गावात म्हणतेत, मुखरूचा पोरगा रेघ काढंल तं वाघीण धरतेत. काढली का?”

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. मुखरूंना अक्षरं फारशी येत नसत, पण ते नाव त्यांनी ओळखलं.

“हे वाघिणीच्या पायाची वाट?”

हो म्हणणं किती सोपं होतं!

“नाई बाबा. ठिपके तिचे हायेत. रेघ कंप्युटरची हाये. त्याले सांगितलं जोड, त्यानं जोडलं.”

“म्हंजे?”

त्याने शेवटचा एकच शब्द बदलला: ‘विथ पॉइंट्स’. रेघा नाहीशा झाल्या. अलीकडे एक ठिपका, पलीकडे एक, आणि मधल्या मोकळ्या जागेत आईचं नाव.

“पुसली काऊन?” मुखरूंचा आवाज चिरकला. “एवढा शिकला तू, मायच्या वेळेस रेघ पुसतेस?”

“पुसली नाई, बाबा. ते होतीच नाई.”

“मंग कोणी नेली तिले?”

“ठाऊक नाई.”

“कधी समजंल?”

मिथुनने मान हलवली. कधीच नाही, हे वडिलांना कळलं. बाहेर एक जीप हॉर्न वाजवत सवाऱ्या गोळा करीत होती. मुखरू हळूच खुर्चीवर बसले, पडद्याशी वाकले आणि ज्या बोटाने ते एरवी धानाची लोंबी चाचपून पाहत, ते बोट त्यांनी दोन ठिपक्यांच्या मधोमध टेकवलं.

“इथी कोण होतं, ठाऊक नाई म्हणतेस.”

“हो, बाबा.”

“तुही माय होती ना.”

मिथुनने चित्र मॅडमकडे पाठवायला घेतलं. समितीच्या नकाशावर माणसांची नावं नसतात. आईच्या नावाची ओळ खोडायला त्याने बोट उचललं.

“ते नाव राहू दे,” वडील म्हणाले.

त्याने ते राहू दिलं.