सोवळ्यातलं रिव्हॉल्व्हर

"काका, प्लीज! सिलिंडर फिरवू नका!"

परीक्षित इतक्या जोरात ओरडला की स्वयंपाकघरात सुलेखाचं थालीपीठ उलटायचं राहिलं आणि एका बाजूनं करपलं.

सबनीसांनी हात मागे घेतला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर तीन रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी पहुडली होती. तिन्ही रिकामी. टॉवेल परीक्षितनं जर्सी सिटीहून येताना सोबत आणला होता. यजमानांच्या टॉवेलवर त्याचा विश्वास नव्हता. हातात पांढरे सुती मोजे होते, आणि तोंडाची वाफ धातूवर जाऊ नये म्हणून बोलताना तो मान बाजूला करत होता.

"रिकामं आहे का ते बघत होतो," सबनीस म्हणाले. "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सवय आहे रे."

"फिरवलं की त्यावर रेघ उठते, काका. बारीक. एकदा उठली की गेलीच."

"काय गेलं?"

"व्हर्जिनिटी," परीक्षित म्हणाला. मग स्वयंपाकघराकडे बघून त्यानं आवाज उतरवला. "म्हणजे... ओरिजिनल कंडिशन."

ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यानं १९९६ साली नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ही रिव्हॉल्व्हरं बनवली. फक्त दोनशे. मग कारखाना बंद पडला. त्यातलं एकशेअकरा आणि एकशेतेरा नंबरचं परीक्षितकडे होतं आणि मधलं एकशेबारा उल्हास सबनीसांकडे. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत भेळ खाताना सबनीस सहज नंबर बोलून गेले. तेव्हापासून परीक्षित मधला दात पडलेल्या माणसासारखा जगत होता.

आता त्यानं मान तिरकी करून एकशेबाराकडे बघितलं. बघताना त्याचा चेहरा हॉटेलच्या बाथटबमध्ये दुसऱ्याचा केस सापडावा तसा झाला.

"तुम्ही हे... फायर केलंय?"

"दर शनिवारी."

"दर शनिवारी," परीक्षितनं पुन्हा म्हटलं. "यार, काका! ग्रिप बघा. घासून घासून काय झालीय. आणि हे काय? इथं फ्रेमवर? रस्ट?"

"कुंकू," सुलेखा थालीपिठाची ताटली घेऊन बाहेर येत म्हणाली. "खंडेनवमीला लावते मी. शिलाईचं मशीन, गाडी, ह्यांचं मायक्रोमीटर आणि हे. एकदा पुसायचं राहिलं आणि आम्ही बॉस्टनला गेलो. आठ दिवस होतं. ओलं कुंकू, तेवढं लोखंड खाल्लंन् त्यानं."

"तुम्ही ह्याला कुंकू लावलं?"

"तुमच्याकडे पूजा नाही होत?"

"काकू, मी ह्याला हात पण लावत नाही."

"मग सोवळं म्हणजे अजून काय वेगळं असतं?" सुलेखा म्हणाली आणि ताटली टॉवेलपासून लांब ठेवली.

सबनीसांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. आदल्या संध्याकाळी ते स्वतःच तो डाग तेलानं आणि चिंधीनं घासत बसले होते. पाहुण्याला वाईट दिसू नये म्हणून! पाऊण तास. सकाळी त्याची आठवण झाली तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली होती.

सबनीसांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. तीस वर्षं त्यांनी स्टेट कॉलेज नावाच्या गावात विद्यापीठाच्या मशीन शॉपमध्ये काढली. प्राध्यापक कागदावर काहीतरी अशक्य काढून आणत आणि सबनीस ते लेथवर शक्य करून देत. शोधनिबंधावर प्राध्यापकांचं नाव असे आणि सबनीसांना डोनट मिळे. घरी सोफा घ्यायच्या वर्षी त्यांनी हे रिव्हॉल्व्हर घेतलं, हे सुलेखा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. नेमबाजीच्या क्लबच्या स्पर्धेत ते एकदा तिसरे आले. त्या वर्षी तिघांनीच भाग घेतला होता. पण कागदाच्या काळ्या ठिपक्यावर नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी आणायची, श्वास अर्धा सोडायचा आणि मग जगात दुसरं काही उरत नाही, ही गोष्ट त्यांना दर शनिवारी सकाळी फुकट मिळत होती.

गेल्या हिवाळ्यात नजरेच्या मधोमध डाग आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला, आता येणार नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. ठिपका गेला आणि पुढची माशीही गेली. सबनीसांनी तक्रार केली नाही. फक्त एकच त्यांना पाहिजे होतं. आपल्यामागे हे रिव्हॉल्व्हर कुणाच्या तरी हातात चालत राहावं. त्यासाठी माणूस शोधत होते, आणि आला हा टॉवेलवाला.

"माझ्याकडे तेवीस आहेत," परीक्षित सांगत होता. "सगळी सेफमध्ये. ह्युमिडिटी कंट्रोल्ड. मी रोज ॲपवर ह्युमिडिटी चेक करतो."

"नेम कितपत आहे तुझा?"

"कसला?"

"नेम."

परीक्षित मोकळेपणानं हसला. "मी कधी गोळी मारलीच नाही, काका. आय ॲम अ कलेक्टर."

हा परीक्षित घरी देव ठेवत नसे. सोवळं-ओवळं म्हणजे मागासलेपणा, असं त्यानं मंडळाच्या गणपतीत माईक हातात घेऊन सांगितलं होतं, आणि त्याच संध्याकाळी बीफचं ब्रिस्केट सँडविच खाऊन दाखवलं होतं. सबनीस त्याच्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत राहिले. म्हणजे मोज्यांच्या कडांकडे. मधलं दिसत नव्हतं.

"तुला हे देतो," ते म्हणाले. "फुकट. डीलरकडे जाऊन रीतसर कागद करू. पण आधी क्लबवर चल. तुझ्या एकशेतेरानं सहा गोळ्या मार. मारणारा माणूस आहेस एवढं मला कळू दे."

परीक्षितचा चेहरा पिवळा पडला. तो एकशेतेराकडे बघू लागला. मग मधल्या रिकाम्या जागेचा विचार जिंकला असावा.

"डन, काका," तो म्हणाला. "सहाच ना?"

क्लब गावाबाहेर, जनावरांच्या खाद्याच्या दुकानामागे होता. दुपारी तिथं कुणी नव्हतं. सबनीसांनी त्याला गॉगल आणि कानावरचे मफ दिले, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, चापावर बोट कधी न्यायचं ते चारदा सांगितलं आणि सहा गोळ्या हातावर ठेवल्या. बाकावर दोन पेट्या होत्या, एकशेबाराची आणि एकशेतेराची.

"काका, तुम्ही काचेच्या दाराबाहेर थांबाल? कुणी बघत असलं की मला नर्व्हस होतं."

सबनीस बाहेर थांबले. आत सहा बार झाले, प्रत्येकाच्या मध्ये खूप वेळ. मग परीक्षित दार ढकलून घामेजलेला बाहेर आला आणि एकशेतेराची पेटी त्यानं छातीशी धरली होती.

"झालं, काका! ऑसम एक्सपीरियन्स! जायचं डीलरकडे?"

"बघू ती पेटी."

"कशाला? तुम्हाला काय दिसणार आहे..." परीक्षित बोलून गेला. मग लगेच, "सॉरी, आय मीन, उगाच कशाला उघडायची?"

सबनीसांनी पेटी त्याच्या हातातून घेतली आणि उघडली. त्यांनी आत नाक घातलं. मेणकागदाचा आणि सत्तावीस वर्षांच्या जुन्या तेलाचा वास आला. जळलेल्या दारूचा अजिबात नाही. आत जाऊन बाकावरच्या दुसऱ्या पेटीत हात घातला. नळी कोमट होती. आपल्याच तळव्यानं घासलेली ग्रिप हाताला लागली, आणि तिच्यावर सॅनिटायझर चोळलेला होता.

किळस येते तीही तऱ्हेतऱ्हेची असते. चहा पिऊन संपल्यावर तळाशी माशी सापडावी, त्या जातीची ही होती.

"माझ्या एकशेबारानं मारलंस."

"चीटिंग नाही हं, काका. तुमचं ऑलरेडी फायर्ड होतं, त्याचं आणखी काय बिघडणार? मॉडेल सेम, स्टील सेम, वर्षसुद्धा सेम. फरक काय पडतो?"

"काहीच नाही?"

"अजिबात नाही."

"मग तुला माझं कशाला पाहिजे?"

परीक्षितनं खिशातून सॅनिटायझर काढून पुन्हा हात चोळले.

"सिक्वेन्स, काका. एकशेअकरा, एकशेबारा, एकशेतेरा," तो म्हणाला.

"गाडी सावकाश चालव," सबनीस म्हणाले. "आणि तुझा टॉवेल घरी राहिलाय. जाताना घेऊन जा. नाहीतर सुलेखा त्यानं ओटा पुसेल."

पुढच्या आठवड्यात कागद झाले. एकशेबारा नंबरचं रिव्हॉल्व्हर क्लबला गेलं, बुधवारच्या शिकाऊ वर्गासाठी. तो वर्ग मार्शा घेते. ती आधी शाळेची बस चालवायची. रिव्हॉल्व्हरची जात, वर्ष, संख्या यांबद्दल सबनीस सांगू लागले तेव्हा तिनं विचारलं, "चालतं का?" ते हो म्हणाले. तिनं ग्रिपवर पिवळी चिकटपट्टी लावली आणि मार्करनं तिच्यावर चार हा आकडा काढला.

बुधवारी सबनीस काचेमागच्या बाकावर जाऊन बसले. मार्शाची विद्यार्थीण पन्नाशीची होती. दातांच्या दवाखान्यातले कपडे अंगावर होते. हाताला लोशन होतं; त्याचा वास काचेच्या दारातून बाहेर येत होता. असल्या हातांनी कुणी शस्त्र धरतं! सबनीसांना उठून सांगावं असं वाटलं, आधी हात पुसा. ते उठले नाहीत.

बाईंनी पाय फाकवले, हात सरळ केले, खूप वेळ थांबल्या. मधोमध बघितलं तर बाईच नाहीशा व्हायच्या. म्हणून सबनीसांनी मान शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे वळवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून, श्वास अर्धा सोडून, वाट बघत राहिले.