घाटबंगल्यातली बाई आणि मी

मित्रांनो, नाते गावच्या खळ्यात नाचणी वाळत घालायला जे मळकट कापड अंथरतात ना, ते कापड म्हणजे मी. हसू नका. एके काळी मी कुशाबांच्या फिरत्या टॉकीजचा पडदा होतो आणि गावंच्या गावं माझ्याकडे तोंड करून बसत.

महाडच्या एका शिंप्याने मांजरपाटाचे पन्ने जोडून मला शिवलं. त्याची एक शिवण वाकडी गेली, त्यामुळे जन्मभर प्रत्येक नायिकेच्या नाकावर एक सुरकुती पडली. कुशाबांची बायको रंगूबाई मला सावित्री नदीत धुवायची, नीळ घालायची, तांदळाची खळ द्यायची. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की आमचा तंबू निघे. आधी महाड, मग पोलादपूर. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, मधे काथ्याची दोरी. देवांचा चित्रपट लागला की माझ्यावर फुलं पडत, पैसे पडत. तो मान देवाचा होता, पण मी आपला फुगून बसायचो.

मग एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान एका उन्हाळ्यात पोलादपूरला ‘घाटबंगल्यातली बाई’ हा चित्रपट आला. तेव्हाच तो जुना झाला होता. फीत इतकी घासलेली, की बंद खोलीतसुद्धा पाऊस पडल्यासारखा दिसे. गोष्ट एका लहान गावाची. घाटात ओसाड बंगला, तिथे पांढऱ्या लुगड्यातली बाई कंदील घेऊन फिरते, आणि तिला पाहिलेला माणूस सकाळी मेलेला सापडतो.

खरं सांगायचं तर त्याचा पूर्वार्ध फार चांगला होता. धुकं, रिकामा जिना, आणि ती बाई. ना किंचाळणं, ना वाद्यांचा गलका. ती नुसती एकेक पायरी उतरायची आणि शेवटच्या पायरीवर थांबून समोर बघायची. इतकी दमलेली नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. धट्टीकट्टी माणसं एकमेकांचे हात धरायची. पण उत्तरार्धात सगळं मुसळ केरात. गावात प्रेत पडलंय आणि नायक बागेत गाणं म्हणतोय! खुनी दिवाणजीची मिशी प्रत्येक प्रसंगात वेगळ्या जागी. शेवटी कळतं, की इस्टेटीसाठी दिवाणजीनेच एका गरीब बाईला भूत बनवलं होतं. ती पळताना कड्यावरून खाली पडते, तो पकडला जातो, आणि लगेच नायकाच्या लग्नाची सनई. ती बाई कोण, तिचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही. नामावलीतही तिचं नाव नव्हतं.

पहिल्याच खेळाला जवळच्या कापडे गावची मंडळी गाड्या जुंपून आली होती. त्यांत सोनबा नावाचा शेतकरी होता आणि त्याची म्हातारी आई गोदूबाई. गोदूबाईने जन्मात चित्रपट पाहिला नव्हता. ती बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली, आणि बायांच्या अंगाकडून हाक आली, “तुळसा! अगो, ही माजी तुळसा!”

तुळसा ही तिची लेक, सोनबाची धाकटी बहीण. मुंबईला दिलेली. नवरा मुरारी गिरणीत. तंबूतल्या अर्ध्या लोकांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं, त्यांनीही ओळखली. म्हातारी पदराशी चाळा करत शेवटपर्यंत बसली. मग तुळसा कड्यावरून पडली आणि गोदूबाईने हंबरडा फोडला, “पडली गो माजी पोर! डोल्यानं बगितली म्या!”

लोक सोनबाकडे वळले. मित्रांनो, सोनबा महाडला चार खेळ पाहिलेला माणूस. कोणी खरोखर पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण बहिणीने केस मोकळे सोडून, कपाळ पांढरं ठेवून परक्यांपुढे नाचावं (तो नाचणंच म्हणाला), हे भावकीत कळलं तर नाक कापलं जाईल, एवढंच त्याला दिसलं. तो खाली मान घालून म्हणाला, “आमची तुळसा गेली. आता ईषय नको.”

आणि मी? माझ्यावरच तिचा चेहरा हातभर मोठा होऊन उभा होता. मी चिरगूट, बोलणार काय!

दुसऱ्या दिवशी कुशाबांनी बैलगाडीवर कर्णा बांधून पुकारा केला, “कापड्याच्या बाईचं खरं भूत! आजच बघा!” कुडपणपासून माणसं डोंगर उतरून आली. तंबू फुटायची वेळ आली, आणि मी पुन्हा फुगलो. इकडे गोदूबाईने अन्न सोडलं होतं. ते रंगूबाईने मला उतरवताना मदतीला आलेल्या बाईला सांगितलं, तेव्हा माझ्या कानावर आलं. ती खळ, ती नीळ मला नकोशी झाली. मला इतकी लाज वाटली, की कोणी चुलीत घातलं असतं तरी बरं झालं असतं.

गोदूबाईच्या शेजारच्या बनुबाईने मुंबईला परतणाऱ्या एका चाकरमान्याबरोबर तुळसाला निरोप धाडला. तुळसा एस.टी.ने आली, घरी भावाने दार अडवलं, म्हणून ती तशीच तंबूत आली. दिवेलागण होत होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बनुबाई गोदूबाईला हाताला धरून घेऊन आली.

“आये, मी जित्ती हाय गो.”

म्हातारीने आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. मग तिच्या तोंडावरून हात फिरवला. “पडलीस ना तू?”

“गाद्यांवर पडले. खाली गाद्या घातल्या व्हत्या.” तुळसा हसायला गेली आणि रडली. “ह्यांचा हात गिरनीच्या सांच्यात आला. घरात दाना नव्हता. दिवसभर जिना उतरायला लावला, उपाशी. कुनी वळखंल असं वाटलं नाय, आये. लाज वाटतीया.”

खेळ सुरू झाला. तुळसा बायांत तोंडावर पदर घेऊन बसली. सोनबाही आला होता, पार मागे, खांबाआड. जिन्यावर कंदील दिसला तशी गोदूबाई उठली. तंबूबाहेरच्या भजीवाल्याकडून आणलेल्या मीठ-मिरच्या मुठीत होत्या. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिची सावली माझ्यावर पडली. “ओ म्हातारे, खाली बस!” लोक ओरडले.

ती बसली नाही. लेकीच्या त्या हातभर तोंडावरून तिने मूठ ओवाळायला घेतली. “आल्यागेल्याची, पाप्याची, भुताखेताची... गावानं नजर लावली गो माज्या पोरीला. येवढी दमलीस, आन् मला ठाव नाय.”

भुताची दृष्ट काढणारी आई कोणी पाहिली होती! मागे कोणीतरी फिसकन हसलं. तेव्हा सोनबा खांबाआडून बाहेर आला.

“हसतंस काय रे? भईन हाय माजी. तुळसा. आन् दार म्या अडवलं तिचं.”

एवढं बोलून तो दोरीपाशी आला आणि खाली बसला. तुळसाने पदर बाजूला केला नाही, पण दोरीखालून आपला हात त्याच्याकडे सरकवला.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ चित्रपट दाखवले, पण फुगलो कधीच नाही. मला धुवा, फाडा, नाचणी घाला, माझं काही म्हणणं नाही. एवढंच मागतो. एखाद्या पडद्यावर कोणी तुम्हाला घाबरवलं, तर बाहेर पडताना चोर कोण निघाला याची चर्चा खुशाल करा. पण घाबरवणाऱ्या त्या माणसाचं नाव काय आणि ते आज जेवलं होतं का, हे एकदा विचारा. मी दाखवू शकतो, विचारू शकत नाही.