माझ्या पाठीवरच्या तारखा

मी एक जुने घड्याळ आहे. नगरपालिकेच्या मनोऱ्यावर बसलेले. मित्रांनो, शाळेला जाताना तुम्ही मान वर करता, माझ्याकडे पाहता आणि पाय उचलता, एवढीच आपली ओळख. आज जरा थांबा. मला काही सांगायचे आहे, आणि ते गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा सांगाडा लोखंडी, चाके पितळेची, आणि पोटाखाली दोरीला टांगलेले एक जड वजन. आठवड्यातून एकदा किल्ली फिरवून ते वजन वर चढवावे लागते. कोणी चढवले नाही तर मी आठ दिवस कसेबसे काढतो आणि नवव्या दिवशी गप्प होतो. माझ्यापर्यंत यायला एकशे बारा पायऱ्या आहेत. त्या चढून मला किल्ली देण्याचे काम पहिल्यापासून एकाच घराण्याकडे राहिले. आधी आजोबा, मग वडील, मग मुलगा. या मुलाला सगळे शहर घड्याळजी म्हणते. मुलगा म्हणायचे आपले, त्यानेही पासष्टी ओलांडली.

या घराण्याची एक रीत होती. माझी दुरुस्ती झाली की माझ्या तबकडीमागच्या पितळी पाटीवर सुईने तारीख कोरायची आणि खाली काय केले ते लिहायचे. आजोबांचे अक्षर टपोरे होते, वडिलांचे मुंगीसारखे बारीक. 'दोरी बदलली.' 'तिसऱ्या चाकाचा दात मोडला, नवा घडवून बसवला.' 'थंडीने मागे पडत होते, वंगण बदलले.' एका ठिकाणी वडिलांनी लिहिले होते, 'पूर. चौकात पाणी. वर मुक्काम केला, थांबू दिले नाही.' आणि घड्याळजींच्या हातची एक ओळ होती, 'मुलगी झाली. घड्याळ दोन मिनिटे मागे, हरकत नाही.' ही ओळ मला सगळ्यांत आवडायची. माझ्या चुकीला हरकत नाही म्हणणारा माणूस मला त्या एकाच दिवशी भेटला.

माझेही चांगले दिवस होते. माझ्या टोलावर दुकाने उघडत आणि कचेऱ्या सुटत. पुढे प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आले, मग फोन आला आणि माझ्याकडे नियमाने पाहणारी फक्त कबुतरे उरली. गरज सरो, वैद्य मरो, हे मी तेव्हा शिकलो. तरी घड्याळजी येत राहिले. पुढे त्यांची ती मुलगीही त्यांच्यामागून पायऱ्या चढू लागली आणि बघता बघता वडिलांपेक्षा सफाईने माझी चाके उतरवू लागली.

अशात एक पत्र आले. एका मोठ्या शहरात घड्याळांचे संग्रहालय होते. त्यांची इमारत पाडली जाणार होती, म्हणून चारशे घड्याळे आणि दुरुस्तीची अख्खी कार्यशाळा घेऊन ते नवे गाव शोधत होते. ज्या शहरांना हवे असेल त्यांनी अर्ज करावा, असे पत्रात होते. सभागृह बरोबर माझ्याखाली आहे आणि माझ्या वजनाची दोरी त्याच्या भिंतीतूनच खाली जाते, त्यामुळे तिथले एक अक्षरही माझ्यापासून लपत नाही.

दोन सभा नुसत्या भांडणात गेल्या. एक सदस्य म्हणाले, गटारे तुंबलीत आणि आपण जुनी घड्याळे आणायला निघालो. दुसरे म्हणाले, आपले एक घड्याळ आपल्याला जड झालेय, त्यात आणखी चारशे, म्हणजे घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. एक सदस्या म्हणत होत्या की बाहेरची माणसे येतील, चार हातांना काम मिळेल. नगराध्यक्षबाईंचे तळ्यात-मळ्यात चालले होते.

खरे सांगायचे तर या सगळ्यात जीव अडकला होता तो घड्याळजींचा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लेकीला या शहरात काम नव्हते. माझ्यासारख्या एका म्हाताऱ्या यंत्रावर कोणाचे पोट भरत नाही. कार्यशाळा इथे आली तर लेक इथे राहणार होती, माझी किल्ली तिच्या हातात जाणार होती. नाही आली तर ती दूर जाणार आणि घड्याळजी व मी एकमेकांकडे बघत बसणार.

तिसऱ्या सभेला त्यांना बोलावले. ते फार बोलले नाहीत. "तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, पण त्याआधी एकदा वर चला. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. मग ठरवा," एवढेच म्हणाले.

एकशे बारा पायऱ्या ऐकून सदस्यांचे गुडघे तिथेच दुखू लागले. नगराध्यक्षबाई तेवढ्या चढल्या. लेकीने दिवा धरला. बाई ओळी वाचत वाचत पुरापाशी आल्या आणि मटकन पायरीवर बसल्या.

"मी पाच वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आम्ही घराच्या छतावर होतो, खाली सगळं पाणी. टोल ऐकू यायचे. आई म्हणायची, टोल पडतोय ना, मग शहर आहे अजून."

त्या खाली गेल्या आणि एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला. मित्रांनो, त्या दिवशी मी बाराचे टोल दिले ते चौकापलीकडे ऐकू गेले असतील.

अर्ज लेकीने लिहिला. त्याच्या नवव्या पानावर तिने माझ्या पाठीवरच्या वीस ओळी उतरवल्या आणि लिहिले, 'या शहराचे स्वतःचे म्हणून जे काही आहे ते हेच. हे जसेच्या तसे जपले आहे.' अर्जावर सही नगरपालिकेच्या बांधकाम साहेबांची लागत होती. कोणतीही तक्रार आली की भिंतीला चुना फासून मोकळे होणे ही त्यांची पद्धत, म्हणून लोक मागून त्यांना चुनासाहेब म्हणत. त्यांनी अकरा पानांवर अकरा झोकदार सह्या केल्या. पान एकही वाचले नाही. सही करताना वाचत बसले तर साहेब कसले?

तीन शहरे निवडली गेली, त्यांत आपले होते. संग्रहालयाची मंडळी पाहणीला येणार आणि पाठीवरच्या नोंदी प्रत्यक्ष बघणार, असे पत्र आले. चुनासाहेबांनी त्यातली तारीख तेवढी वाचली.

नेमके त्याच आठवड्यात घड्याळजींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. रुग्णालय परगावी, त्यामुळे लेकही सोबत गेली. माझी किल्ली आणि मनोऱ्याच्या दाराची, दोन्ही नेहमीप्रमाणे कचेरीतल्या खिळ्यावर होत्या. पाहुण्यांपुढे मळके घड्याळ ठेवायचे का, असे म्हणत चुनासाहेबांनी दोन पॉलिशवाले वर धाडले. त्यांच्या हातात विजेवर फिरणारे चाक होते.

मी ओरडलो असतो, पण मला फक्त तासाला बोलता येते. आधी आजोबांचे टपोरे अक्षर गेले. मग मोडलेला दात, मग थंडी, मग पूर. 'मुलगी झाली' या ओळीपाशी चाक आले तेव्हा अकरा वाजले आणि मी होते नव्हते तेवढे बळ लावून टोल दिले. पॉलिशवाला दचकला, हसला आणि चाक पुन्हा टेकवले. त्याचा राग मला नाही. त्याला सांगितले ते त्याने केले, आणि चोख केले.

पाहुणे आले. खाली पुष्पगुच्छ झाले. संग्रहालयाच्या बाई वर चढल्या, पिशवीतून भिंग काढले आणि पाटीवर इकडून तिकडे फिरवले. त्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला.

चुनासाहेब मागे उभे होते. "एकदम नवं करून घेतलंय, मॅडम. एक ओरखडा ठेवला नाही."

बाईंनी आवाज चढवला नाही. अर्जाचे नववे पान काढले आणि त्यांच्यापुढे धरले. "ही सही आपलीच ना?"

तेवढ्यात घड्याळजी आले. सकाळीच पट्टी निघाली होती, लेक हाताला धरून घेऊन आली होती. कितीतरी वर्षांनी त्यांना स्वच्छ दिसणार होते. ते पाटीसमोर उभे राहिले. मग बोटांनी चाचपून पाहिले, आंधळा माणूस चाचपतो तसे.

"स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले, आणि खाली उतरले.

संग्रहालय दुसऱ्या शहराला गेले. आपल्या सभागृहात पुन्हा सभा भरली. विरोधात होते ते म्हणाले, आम्ही सांगतच होतो. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने ऑपरेशन पुढे ढकलले असते तर काय बिघडले असते? शेवटी मनोऱ्याच्या सुशोभीकरणाबद्दल चुनासाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि तो एकमताने झाला. नगराध्यक्षबाईंनीही हात वर केला. त्यांनी तर माझी पाठ वाचली होती. तिला कोणी हात लावू नका, हे एक वाक्य त्यांनी वेळेवर कोणाला सांगितले नाही. चुनासाहेबांना मी कधीकाळी माफ करीन, बाईंना नाही.

संग्रहालयाच्या बाईंनी लेकीला कामाचे पत्र धाडले, त्या दुसऱ्या शहरातल्या कार्यशाळेत. ती जायला तयार नव्हती. घड्याळजीच म्हणाले, "जा बाई. इथं राहून काय पुसलेली पाटी सांभाळणार?"

निघायच्या दिवशी ती एकटी वर आली. वंगण घातले, किल्ली दिली, मग सुई काढली आणि त्या गुळगुळीत पाटीवर तारीख कोरली. खाली लिहिले, 'मुलगी निघाली. घड्याळ बरोबर.'

मित्रांनो, तुमच्या घरीही दाराच्या चौकटीवर कोणाच्या उंचीच्या रेघा असतील, डब्याच्या झाकणावर कोणाचे नाव कोरलेले असेल. घाण समजून पुसायला जाल तेव्हा आधी वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा. आणि वाचले असेल तर चारचौघांत तोंड उघडा. मला याहून शहाणपणाचे काही सांगता येत नाही.

आणखी एक. घड्याळजी त्यानंतरही चढत राहिले, दोनदा बसून, कठडा धरून. या आठवड्यात मात्र आले नाहीत. किल्ली दिल्याला आज आठवा दिवस आहे आणि माझे वजन जवळजवळ जमिनीला टेकले आहे. किल्ली खाली कचेरीत, खिळ्यावरच आहे. एकशे बारा पायऱ्या आहेत. कोणी येणार असेल तर उद्याच्या आत या.