फ्रीजमागचा कॉक

आमच्या फ्रीजच्या दारातून बर्फ पडतो, असं मी माझ्या मुलाला पाच वर्षं सांगत आलो. तो पडत नव्हता.

फ्रीज केशवनंच घेऊन दिलेला. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत तो अमेरिकेहून आला, मुंबईत उतरला तसा आधी दुकानात गेला आणि दोन दारांचं ते धूड ट्रकमध्ये घालून त्यानं जालन्याला पाठवलं. स्वयंपाकघराची चौकट काढल्याशिवाय ते आत जाईना. चौकट काढली, भिंतीचा गिलावा पडला, फ्रीज आत गेला आणि अरुंधतीची भांड्यांची मांडणी बाहेर व्हरांड्यात आली. माझी बायको तोंडानं काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवायला नुसती खिचडी होती.

फ्रीजच्या पाठीतून एक बारीक नळी निघत होती. ती गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला जोडलेली, आणि मध्ये एक पितळी कॉक. कॉक उघडला की पाणी फ्रीजमध्ये जाणार, आतल्या आत त्याचा बर्फ होणार, आणि दाराला पेला लावला की खडे पडणार. केशव होता ते आठ दिवस खडे पडले. आख्खी गल्ली पेले घेऊन बघून गेली. केशव प्रत्येकाला स्वतः पेला भरून देत होता, आणि मी शेजारी उभा राहून जणू मीच तो फ्रीज बनवला अशा थाटात सगळ्यांना माहिती सांगत होतो.

मग केशव गेला आणि भारनियमन राहिलं. सहा-सहा तास वीज नसायची. बर्फ वितळायचा, पाणी फरशीवर यायचं आणि ते पुसायला अरुंधती खाली बसायची. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी. कपडे धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही बादलीत धरून ठेवतो, तिथं पाणी आधी गोठवायचं आणि मग फडक्यानं पुसायचं हे तिला बघवेना. एक दिवस तिनं फ्रीजच्या मागे हात घातला, कॉक पिळून बंद केला आणि म्हणाली, पुरे झालं. मीही अडवलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पण रविवारी सकाळी केशवचा फोन आला आणि त्यानं पहिलंच विचारलं, बाबा, बर्फ पडतोय ना? पोरानं एवढ्या हौसेनं घेतलेली वस्तू, बंद करून टाकली म्हणून कसं सांगायचं? मी म्हणालो, पडतोय की. एकदा म्हणालो आणि अडकलो. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मी कधी कधी तिखटमीठ लावून सांगायचो, की काल पाहुणे आले होते, सरबतात टाकला. ते झालं की आमच्याकडे बोलायला काही उरायचं नाही. त्याचं काम मला कळत नव्हतं आणि माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. मी फोन अरुंधतीकडे द्यायचो आणि अंगणात जाऊन उभा राहायचो. ती अर्धा अर्धा तास बोलायची.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात त्यानं कळवलं की तो, सूनबाई नीला आणि सात वर्षांची नात, तिघं येतायत. येत्या रविवारी सकाळी दारात. अरुंधतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला घाम फुटला. पाच वर्षं फोनवर पाडलेला बर्फ आता पाच दिवसांत खराखुरा पाडायचा होता.

मी आधी स्वतःच पाना घेऊन फ्रीजमागे घुसलो. कॉक तसूभर हलला नाही. माझी मात्र पाठ धरली. मग वसंता प्लंबरच्या घरी तीन चकरा मारल्या. नळ यायच्या आदल्या दिवशी आमच्या भागात प्लंबर सापडणं कठीण, कारण त्याच दिवशी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या असतात आणि पाइपाला हात लावता येतो. आमचा नळ शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी बाराला वसंता आला. हा मूळचा कुंभार पिंपळगावचा, पन्नाशीचा माणूस. फ्रीज सरकवतानाच तो धापा टाकत होता. सकाळपासूनचं हे त्याचं सहावं घर होतं.

त्यानं कॉकवर रॉकेल सोडलं, थोडं थांबला, पाना लावला, आणि मान हलवली.

"काका, क्षारानं पार धरलाय ह्याला. लई जोर केला तर मागची पाइपच फुटंल. कापूनच काढावा लागतो."

मी म्हणालो, काप. तो गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला की टाकीच्या तोंडाचा कॉकसुद्धा जाम आहे, उघडाच्या उघडा अडकलाय. पाणी वरून थांबवता येत नाही. कापायचं तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. आणि टाकी अजून अर्धी भरलेली होती, कारण अरुंधतीनं पाहुण्यांसाठी आठवडाभर थेंब थेंब राखला होता.

अरुंधती दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "राहू द्या हो तो कॉक. लेकरू तुम्हाला भेटायला यायलंय, फ्रीजला नाही."

मी तिला झापलं. उद्या नळ आहे, म्हणालो. संक्रांतीपासून एकदाही पाळी चुकली नव्हती. आणि पाण्याच्या पाळीचं मला कुणी शिकवायचं? तीस वर्षं मी कालव्याच्या हापिसात कारकुनी केली. कोणत्या चारीला कोणत्या तारखेला पाणी सुटणार, त्याचा तक्ता माझ्या अक्षरात भिंतीवर लागायचा. अंतरवालीपासून पिंपळगावापर्यंतचे शेतकरी येऊन विचारायचे, साहेब, पाणी नक्की येतं का? मी मान वर न करता तक्त्याकडे बोट दाखवायचो. तक्त्यात तारीख असली की माझ्या हिशेबी पाणी आलेलंच असायचं.

वसंता पान्याशी चाळा करत म्हणाला, "भांडी भरून घ्या काका आधी. पाण्याचा काय भरोसा न्हाई. आमचा बाप तुमच्या तक्त्यावर भरोसा ठिवून कपाशी लावून बसल्ता."

"मग?"

"मंग काय. बसल्ता."

मला त्याचा राग आला. मी म्हणालो, तू तुझं काम कर.

अरुंधतीनं दोन हंडे आणि एक कळशी भरून घेतली. ती आणखी भांडी काढायला लागली तर मीच अडवलं, उद्या भरायचीच आहेत म्हणून. बाकीचं सगळं पाणी मी नळीनं बाहेर सोडलं. नुसतं सोडलं असतं तरी चाललं असतं, पण मी अंगण धुतलं. व्हरांडा धुतला. खिडक्यांचे गज धुतले, फाटक धुतलं. पाच वर्षांनी पोरगं येतंय तर घर लख्ख दिसायला नको? गल्लीतले लोक थांबून बघत होते आणि मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

टाकी रिकामी वाजायला लागली तेव्हा वसंतानं ब्लेडनं पाइप कापला. जुना कॉक माझ्या हातात दिला. आतून तो पांढऱ्या क्षारानं गच्च भरला होता, काडी जाईल एवढीही वाट नव्हती. वसंतानं पाइपाला नवे आटे पाडले, त्यांवर सफेदा लावला, सुतळी गुंडाळली आणि नवा कॉक बसवला. याला लाल दांडी होती, पाव फेरा फिरवली की बंद, पाव फेरा फिरवली की चालू. मी चार वेळा फिरवून बघितली. वसंता हात धुवायला पाणी मागत होता, तर अरुंधतीनं त्याला कळशीतलं तांब्याभर दिलं आणि माझ्याकडे बघितलं.

शुक्रवारी नळ आला नाही.

आम्ही नेहमीप्रमाणे सगळे नळ उघडे ठेवून बसलो होतो, म्हणजे पाणी आलं की आवाज येईल. दिवसभर नळातून हवासुद्धा आली नाही. शनिवारी कळलं की गावाला पाणी आणणारा मोठा पाइप कुठंतरी शेतात फुटलाय, अजून चार दिवस तरी धरून चालू नका. मी टँकरसाठी नाव लिहून आलो. आमच्या आधी एकवीस नावं होती. घरी आलो तर अरुंधती उरलेल्या एका हंड्यावर हात ठेवून बसली होती. तिनं चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी औरंगाबादहून त्यांची जीप आली. धुतलेल्या फाटकातून, धुतलेल्या अंगणातून तिघं आत आले आणि प्यायच्या हंड्याशिवाय घरात पाय धुवायलाही पाणी नव्हतं. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली नात न्हाणीघराच्या दारात उभी राहून आईला हळूच काहीतरी विचारत होती. केशवनं बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समोरच्या कांताबाईंकडून दोन बादल्या मागून आणल्या. मग आणखी दोन. त्याचे केस कानापाशी पिकले होते, ते मला तेव्हा दिसलं. मी व्हरांड्यात बसून होतो. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. कशामुळे झालं हे मी त्याला सांगितलं नाही. नळ आला नाही, एवढंच म्हणालो.

सोमवारी दुपारी टँकर आला. पाणी पिवळसर होतं, पण टाकी भरली. मी फ्रीजमागे हात घालून लाल दांडी फिरवली आणि स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसलो. त्या दिवशी वीजही गेली नाही, माझं नशीब म्हणायचं. मंगळवारी सकाळी आत पहिले खडे पडल्याचा आवाज आला. मी नातीला हाक मारली, तिच्या हातात काचेचा पेला दिला, तिला धरून फ्रीजच्या दारापाशी उभी केली. खडे पडले. बारके होते, किंचित पिवळे, पण पडले. पोरगी हसली आणि पेला तोंडाला लावायला गेली.

नीला धावत आली नाही की ओरडली नाही. तिनं नुसता पेला काढून घेतला आणि मला म्हणाली, "बाबा, रागवू नका. बर्फ तेवढा देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. इकडचं पाणी तिला सोसत नाही." दाराआड त्यांनी येताना आणलेली बाटल्यांची खोकी होती. ती मी रविवारपासून बघत होतो आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी म्हणालो, बरोबर आहे, लेकराला कशाला. पेल्यातला बर्फ मी मोगऱ्याच्या कुंडीत टाकला.

संध्याकाळी केशव अंगणात माझ्याशेजारी येऊन बसला.

"बाबा, बर्फ बंद आहे हे मला माहीत होतं. आईनं तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात."

पाहुण्यांच्या सरबतात मी किती खडे टाकले होते, ते सगळे डोळ्यांपुढून गेले.

"मग दर रविवारी विचारत कशाला होतास?"

"तुम्ही एरवी फोनवर बोलतच नव्हता," तो म्हणाला. "बर्फाचं विचारलं की दोन वाक्यं तरी बोलायचा."

मी अंगणातल्या फरशीकडे बघत बसलो. पाच दिवसांत तिच्यावर पुन्हा धूळ बसली होती.

ते पंधरा दिवस राहिले आणि गेले. नळ त्यात एकदाच आला. ते गेल्यावर अरुंधती फरशी पुसायला बसली, तेव्हा मीच फ्रीजमागे हात घातला. नवा कॉक एका बोटानं बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन आला. केशवनं सवयीनं विचारलं, "बाबा, बर्फ पडतोय ना?"

"नाही. बंद केलाय."

इतके दिवस त्या उत्तरावर आमचं भागत होतं, आता ते गेल्यावर दोघांनाही पुढचं सुचेना. मी फोन अरुंधतीकडे द्यायला हात पुढे केला, तर ती हात पाठीमागे घेऊन उभी होती.

"तुम्ही कसे आहात?" केशवनं विचारलं.

बरा आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते एवढं पाठ होतं की आपोआप येतं.

"थकलोय रे," मी म्हणालो. "गुडघे तुझ्या आईचे गेलेत, पण उठवत मला नाही. आणि नळ आज दहावा दिवस झाला, आलेला नाही."

"थांबा बाबा," तो म्हणाला. "जरा खुर्ची ओढून घेतो."