घंटा आणि तीन श्वास

चर्चच्या पाळकांना लोक फार मानत. धाकट्या बहिणीला मात्र ते नुसते दादा होते, आणि त्यांचा जेवणाचा वाडगा रोज तीच घासायची. डोंगरातल्या एका झेन बौद्ध मठात चार महिने राहून आल्यापासून दादा उपासनेत सांगू लागले होते, की भांडं घासतानाही ख्रिस्त भेटतो. बहिणीला तो अजून भेटला नव्हता. भेटला असता तर तिने आधी त्याच्या हातात फडकं दिलं असतं.

दर शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत मंडळी जमत. भिंतीकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून तासभर गप्प बसत. पाळक सगळ्यांच्या मागे, समोर पितळेची घंटा घेऊन. मनात येईल तेव्हा ते ती वाजवत. वाजली की भटकलेलं मन परत आणायचं, तीन श्वास घ्यायचे. हलायचं नाही, वळून बघायचं नाही.

मठातून त्यांनी घंटांची जोडीच आणली होती. आईचं एक अंग लुळं पडलं, वाचा गेली, तेव्हा दुसरी घंटा त्यांनी तिच्या चालत्या हातात दिली.

“दादा, दोन्हींचा आवाज सारखाच आहे,” बहीण म्हणाली होती.

“बरंच की. आईच्या हाकेत देवाची हाक ऐकू येईल.”

मुलगा म्हणजे आईचा जीव की प्राण. उशापायथ्याशी राबायची बहीण, पण चेहरा उजळायचा तो दादा दारात दिसला की. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून बहीण चादर बदलायला घ्यायची. तिला वाईट वाटायचंच.

त्या शनिवारी आईचा कफ वाढला आणि औषध संपलं. “मी दुकानात जाऊन येते,” बहीण आईच्या कानाशी म्हणाली. “घरात दादा आहे. काही लागलं तर वाजव.” दादाचं नाव ऐकून म्हातारी हसली.

बाहेर पडताना तिने दादांना बजावलं, “कफ दाटला तर तिला उठवून बसवावं लागतं, नाहीतर जीव घुसमटतो. लक्ष ठेवशील ना?”

“अगं, लक्ष ठेवणं हेच तर आमचं काम,” दादा हसले.

दुकानात गर्दी होती. ती परतली तेव्हा मंडळी दारात चपला शोधत होती, चेहरे न्हाऊन आल्यासारखे. एका निवृत्त शिक्षिकेने तिचा हात धरला. “आज काय बैठक झाली म्हणून सांगू! घंटा सारखी वाजत होती. एरवी मी चुळबुळत असते, पण आज दर वेळी श्वास घेतले. शेवटी शेवटी तर इतकी हळू वाजली, की रडूच आलं मला.”

बहीण मागच्या खोलीत धावली. आई पलंगाच्या कडेला कलंडली होती. ओठ निळे, घंटा मुठीत. मूठ अजून कोमट होती.

दादा मागून आले आणि गुडघ्यांवर बसले. “प्रार्थनेच्या वेळी गेली,” ते म्हणाले. “भाग्यवान.”

दफनाआधी त्याच खोलीत शवपेटीभोवती सगळे उभे राहिले. दादा शांततेवर बोलले, आणि सुरेख बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग बहिणीकडे वळून म्हणाले, “आईसाठी तीन श्वास घेऊ. घंटा तूच वाजव.”

तिने आईची घंटा काढली. वाजवली, तसे सगळ्यांचे डोळे मिटले. पुन्हा वाजवली, पुन्हा श्वास. मग ती वाजवतच राहिली, हळू, आणखी हळू, शिक्षिकेने सांगितली होती तशी. कुणी हललं नाही. भली माणसं होती, त्यांचा काही दोष नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसलेल्यांना वाटणारच, की मागे पाळक वाजवताहेत.

पण त्या शनिवारी पाळकांची घंटा तर त्यांच्या समोरच होती; ती वाजत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. तिने दादांकडे पाहिलं. एवढ्या लोकांत त्यांचेच डोळे उघडे होते.

“तुला ऐकू येत होतं,” ती हळूच म्हणाली.

“वाटलं, बैठक संपतच आलीय,” दादा पुटपुटले. “मध्येच उठून सगळ्यांची शांतता कशी मोडू? वाटलं, तू येशीलच एवढ्यात.”

“मी घरात नाही, हे तिला सांगून गेले होते, दादा. ती तुला बोलवत होती.”

बहिणीने घंटा त्यांच्या हातात ठेवली. मंडळी अजून डोळे मिटून श्वास घेत होती.